पाचवी वायर

बेरिक: ही कुठली, वहिनी?

रायखान: माहीत नाही.

बेरिक: आणि ही जाडी?

रायखान: तीही नाही.

बेरिक: बरं, यातली एखादी तरी ओळखीची?

रायखान: सगळ्या काळ्याच आहेत, साहेब.

अपा: तिला काय विचारतोस? ज्याला ठाऊक होतं तो गेला. अख्ख्या कारागांडातल्या लोकांच्या वायरी भिंतीत गाडल्या तुझ्या दादाने, आणि स्वतःच्या घरात बघ काय करून ठेवलंय. मेंढीची आतडी दोरीवर वाळत घातल्यासारखं.

बेरिक: अपा, तू कणीक मळ ना.

अपा: मळतेच आहे. हात कणकेत आहेत, तोंड मोकळं आहे.

बेरिक: ते ऐकू येतंय.

अपा: उद्या तुझ्या दादाचा चाळिसावा दिवस. झुनुस आजोबा येणार, आणि बसणार कुठे? इथे, दारासमोर, या भिंतीला टेकून. मानाची जागा म्हणजे मानाची जागा. सातव्याला काय झालं विसरलास? म्हातारा दुवा झाल्यावर उठायला गेला, काठीत वायर अडकली आणि सगळा बोर्ड त्याच्यामागे फरफटत निघाला. तुझी बातिमा आत्या डोक्याचा रुमाल तोंडात कोंबून हसत होती. माझ्या पोराच्या सातव्याला.

बेरिक: म्हणून तर पट्टी आणली ना. बाजारातला माणूस म्हणाला, भिंतीला चिकटवा, आत वायरी कोंबा, वरून झाकण दाबा, झालं. पांढरी आहे, भिंतीत दिसणारसुद्धा नाही.

अपा: दादा असता तर पट्टी बघून हसला असता.

बेरिक: दादा असता तर मी कशाला गुडघ्यावर बसलो असतो इथे?

अपा: मी तर पहिल्यापासून म्हणत होते, माशांची ही काचेची पेटी स्वयंपाकघरात ठेव. माणसं येतात त्या खोलीत, तेही मानाच्या जागी, मासे! मी दाराजवळ बसायचे आणि तो मिशाळ मासा वर. काचेला तोंड लावून माझ्याकडे बघायचा, मीच पाहुणी असल्यासारखी.

रायखान: अर्थिंग.

अपा: काय म्हणाली?

बेरिक: अर्थिंग म्हणाली, अपा.

रायखान: या जुन्या इमारतीत कुठल्याच सॉकेटला अर्थिंग नव्हतं. इथे राहायला आल्यावर त्यांनी एकाच सॉकेटला टाकून घेतलं. याला. पाण्याजवळ अर्थिंग नसलेलं सॉकेट नको म्हणायचे. म्हणून टँक इथे.

अपा: मला कधी बोलला नाही तो.

बेरिक: बोलला असेल. तू ऐकलं नसशील.

अपा: बघ, आला शहाणा. अस्तानात ऑफिसात बसतोस म्हणून... तिला विचार, तेलातल्या पोळ्या तळायला कढई कुठली घेऊ, मोठी का नेहमीची?

बेरिक: अपा, वहिनी तुझ्यापासून चार पावलांवर बसली आहे.

अपा: मग ऐकलं असेल तिने.

रायखान: मोठी घ्या म्हणावं. धुऊन ठेवली आहे.

बेरिक: तुम्हीपण मलाच सांगता! मी काय टेलिफोन आहे का दोघींचा?

अपा: वायरी तुझ्याच हातात आहेत.

बेरिक: बरं, आता असं करू. वहिनी, तुम्ही तिथे टँकसमोर बसा. मी इथून एकेक प्लग काढतो. तुम्ही बघायचं आणि काय थांबलं ते सांगायचं. तशीच चिठ्ठी चिकटवतो वायरला. ठीक?

रायखान: ठीक.

बेरिक: ही काढली. काय थांबलं?

रायखान: बुडबुडे.

बेरिक: बुडबुडे. ही हवेच्या पंपाची. लावली परत. आता ही?

रायखान: काही नाही.

बेरिक: नीट बघा.

रायखान: बघते आहे. पाणी हलायचं थांबलं. रोपं सरळ झाली.

बेरिक: फिल्टर. मस्त. हे तर सोपं आहे. आणि ही जाडी?

रायखान: लाल ठिपका गेला.

बेरिक: हीटर. हा लगेच लावायला हवा, नाहीतर बिचारे गारठतील. बाहेर उणे सव्वीस आहे आज. गाडी सुरू व्हायला तयार नव्हती.

अपा: बाहेर कशाला, माझ्या खोलीत येऊन बघ. खिडकीच्या काचेला आतून बर्फ. माझा पलंग बरोबर त्या खिडकीखाली. डाव्या कानात वारा शिरतो तो उजव्यातून बाहेर पडतो. पानगळ सुरू झाली तेव्हापासून तुझ्या दादाच्या मागे लागले होते, पलंग तिकडे रेडिएटरजवळ सरकव म्हणून. रोज काय उत्तर? 'अपा, लांब वायर आणतो, मग हलवू.' आता मला सांग, पलंगाला कसली आली आहे वायर? चार पाय आहेत त्याला. उचलायचा आणि ठेवायचा. आळस होता नुसता.

बेरिक: जाऊ दे गं. परवा माझ्याकडे चाललीच आहेस. तिथे भिंती नव्या आहेत. घाम येतो घाम.

अपा: हं.

बेरिक: हं काय? रविवारी सकाळी निघायचं. सामान बांधलंस का?

अपा: एक पेटी, एक गाठोडं. त्याला बांधायचं काय? माझी रजई मात्र घेणार. तुझ्या बायकोच्या त्या फुगवलेल्या रजईत मला झोप येत नाही.

बेरिक: घे की रजई. वहिनी, तुमचं काय ठरलं? शिमकेंतला, माहेरी?

रायखान: अजून काही नाही.

बेरिक: तसं नाही, घाई काही नाही तुम्हाला. घर तुमचंच आहे. फक्त बातिमा आत्याकडे सगळे बसले होते ना, तेव्हा असं निघालं की अपाने धाकट्याकडे यायचं. रीतच आहे ती. आई धाकट्याकडेच असते. आणि तुम्ही पण मोकळ्या. अजून वय आहे तुमचं.

रायखान: हो.

बेरिक: म्हणजे कुणी वाईट मनाने नाही बोललं.

रायखान: नाही, साहेब. पुढची वायर?

अपा: अजून 'साहेब' म्हणते बघ याला. दिराला टक्कल पडायला आलं तरी साहेब. 

बेरिक: मीच सांगितलंय, तेच म्हणा म्हणून. ऑफिसात कुणी म्हणत नाही.

अपा: सून होऊन आली तेव्हा शाळेतून आला होतास, तो बापाचा टाय लावून. गुडघ्यापर्यंत येत होता टाय. दिराचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून बायकांनी विचारलं, याला काय म्हणशील? तर ही म्हणाली, साहेब. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. तेव्हा बोलायची ही. हसायची पण. मी मैत्रिणींना सांगायचे, सून आणली का रेडिओ!

बेरिक: अपा...

अपा: काय खोटं बोलले? आता तिला विचार, उद्या बायका दारात आल्यावर ती विलाप म्हणणार का? की पहिल्या दिवशी बसली तशीच बसणार, भिंतीला भिंत लावल्यासारखी? नवरा गेल्यावर बाई रडत दार उघडते. गळ्यात पडून म्हणते, माझ्या उंटाची वेसण तुटली, माझ्या घराचं छप्पर उडालं. माझा आवाज फाटला म्हणून-म्हणून. आणि ही पाहुण्यांच्या चपला सरळ करत होती.

बेरिक: अपा, बास.

अपा: मी नाही म्हणत, बातिमा म्हणते. म्हणते, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, काय समजायचं माणसाने?

रायखान: येत नाही म्हणावं.

बेरिक: काय येत नाही?

रायखान: रडू. थंडीत बोटं बधिर झाल्यावर सुई टोचली तरी कळत नाही ना, तसं झालंय. टोचतंय हे दिसतं. कळत नाही. उद्याही नाही येणार. आत्याबाईंना आधीच सांगून ठेवा.

अपा: माशांना खायला घालायचं बरं कळतं.

रायखान: ते रोज घालायचे. तीच वेळ आहे.

अपा: तेच म्हणते मी. तेही ओळखतात हिला. ही आली की सगळे काचेशी. घरात आणखी एक जीव आहे, त्याला 'जेवलात का' विचारलं नाही कधी, पण माशांचा एक दिवस चुकला नाही.

बेरिक: तेल तापलं का बघ अपा, वास येतोय.

अपा: तेल अजून ओतलंच नाही. मला हाकलायचं असेल तर सरळ सांग.

बेरिक: नाही गं. हे बघ, ही चौथी. वहिनी, काय गेलं?

रायखान: दिवा. टँकचा.

बेरिक: आणि हे काय? याला तर घड्याळ आहे.

रायखान: संध्याकाळी टँकचा दिवा आपोआप लागतो, पहाटे विझतो. त्यांनी लावलंय ते.

बेरिक: दोन तोंडं आहेत याला. एकात दिवा, दुसरं मोकळं. झालं तर, चार वायरी, चार चिठ्ठ्या. आता ताणून घेतो वर आणि पट्टीत बसवतो. एकदम सरळ रेषेत.

रायखान: ताणू नका.

बेरिक: का?

रायखान: पोट ठेवा त्याला. प्लगच्या खाली लोंबली पाहिजे वायर. टँकमधून पाणी वायरवरून ओघळत आलं तर पोटाशी येतं आणि तिथून खाली टपकतं. ताणून बांधली तर थेट प्लगमध्ये जातं.

बेरिक: अरेच्चा. म्हणजे मी आत्ता झुनुस आजोबांना शॉकच देणार होतो.

अपा: म्हणून लोंबत ठेवायचा तो? मी रोज डोकं खायचे त्याचं. वर बांध रे, किती ते मेलं लोंबतंय... 

बेरिक: अपा?

अपा: काही नाही. तोंडाला काय, सवय आहे. दहा वर्षं हेच म्हटलं मी. वर बांध, वर बांध. आणि तो म्हणायचा, बांधतो, अपा, बांधतो. एकदा तरी भांडायचं ना माझ्याशी. सांगायचं ना, का ते.

बेरिक: दादा कुठे भांडायचा कुणाशी?

अपा: बसथांब्यावर बसला आणि बसूनच गेला. तिथेसुद्धा कुणाला त्रास नाही. लोकांना वाटलं, झोपलाय. दोन बस गेल्या समोरून.

बेरिक: माहीत आहे, अपा.

अपा: माहीत आहे सगळ्यांना. कणीक झाकून ठेवते. पाठ गेली माझी. जरा पडते.

बेरिक: अगं, अंधारात कशाला जातेस? दिवा लाव खोलीतला.

अपा: नको. मोठा दिवा डोळ्यांवर येतो. मला अंधार चालतो.

(अपा हात पुसत आपल्या खोलीत जातात. दार लोटल्याचा आवाज येतो. दादा गेल्यापासून रोज याच वेळी हा आवाज येतो, आणि रोज रायखानला वाटतं, ते दार आपल्या तोंडावर लागलं.)

बेरिक: रोज एवढ्या लवकर झोपते?

रायखान: अंधार पडला की दार लावतात. पूर्वी नव्हत्या लावत. उशिरापर्यंत मोजे विणत बसायच्या आणि आतून माझ्याशी बोलायच्या. आता दिवासुद्धा लावत नाहीत. मला दिसू नये म्हणून असेल.

बेरिक: काय दिसू नये?

रायखान: त्यांचं तोंड. किंवा त्यांना माझं.

बेरिक: असं नाही हो. म्हातारी बोलते फटकन, पण मनात काही नसतं.

रायखान: बोलत नाहीत, तेच तर. मघाशी बोलल्या त्या तुमच्याशी. तुम्ही आलात की मला त्यांचा आवाज ऐकू येतो. नाहीतर 'मीठ', 'चहा', 'दार' एवढंच.

बेरिक: आणि तुम्ही?

रायखान: मी पण तेवढंच. आणखी काही सुचत नाही.

बेरिक: मग बरंच आहे ना, रविवारी नेतोय ते. दोघींची सुटका. खरं सांगतो वहिनी, माझ्या बायकोने अजून तोंड उघडलेलं नाही, पण भांडी जोरात आपटते. दोन खोल्यांत पाच माणसं. तरी न्यायला हवं. नाहीतर लोक म्हणतील, धाकटा असून आईला टाकली वांझो... माफ करा.

रायखान: म्हणतात ते. मला माहीत आहे.

बेरिक: मी तसं नव्हतो म्हणत.

रायखान: लागलं नाही मला. तेच सांगितलं ना मघाशी.

बेरिक: हे खाली कपाटात काय आहे? माशांचं खाणं, जाळी... ही नवी वायर कसली? पाकीट फोडलेलं नाही. सहा मीटर.

रायखान: माहीत नाही.

बेरिक: शेवटी शेवटी आणलेली दिसते. पाकिटावर धूळसुद्धा नाही. राहू दे. अरे, थांबा. इथे आणखी एक आहे.

रायखान: काय?

बेरिक: वायर. पाचवी. जमिनीवर पडली आहे, बोर्डाच्या मागे. प्लग कुठेच लावलेला नाही. हिचं दुसरं टोक... टँककडे जातच नाही. भिंतीच्या कडेने जाते, फळीखालून. फार नीट बसवली आहे ही. बाकीच्या लोंबताहेत आणि ही दिसतसुद्धा नाही. बारीक खिळे, एकेका वितीवर.

रायखान: ती मी काढली होती.

बेरिक: कधी?

रायखान: त्या दिवशी. त्यांना आणलं त्या दिवशी. बायका शेजारून मोठा विजेचा समोवार घेऊन आल्या. सगळे म्हणत होते, चहा, चहा. सॉकेट मोकळं नव्हतं. मी एक प्लग ओढला. बुडबुडे चालू होते, पाणी हलत होतं, टँकचा दिवा होता. म्हटलं, ही काही कामाची नसेल. तिथे समोवार लावला.

बेरिक: आणि परत नाही लावली?

रायखान: विसरले. त्याच दिवशी बायकांनी घरातले आरसे झाकले ना, तेव्हा टँकपण झाकला होता. काच दिसली की चादर. रात्री आठवलं, तेव्हा चादर ओढून काढली. ही नाही आठवली.

बेरिक: लावून बघू. घड्याळाचं दुसरं तोंड मोकळंच आहे. बघा हं. काय झालं?

रायखान: काही नाही.

बेरिक: मासे?

रायखान: मासे तसेच. मिशाळ झोपलाय.

बेरिक: म्हणजे फालतू वायर. कधीतरी जुना पंप वगैरे असेल. ओढून काढतो, पट्टीत जागा तरी... 

अपा: रायखान!

बेरिक: काय झालं, अपा? पडलीस का?

अपा: रायखान, इकडे ये. नाही, थांब, मीच येते. माझ्या खोलीत कोण आलं होतं?

रायखान: कुणी नाही.

अपा: दिवा लागलाय.

बेरिक: कुठला दिवा?

अपा: माझा. उशाचा, छोटा. तुझ्या दादाने, सामातने आणलेला. लागला. मी नुसती पडले होते भिंतीकडे तोंड करून, आणि भिंत पिवळी झाली. बेरिक, तो दिवा त्याच दिवशी गेला होता. त्याच संध्याकाळी. 

बेरिक: बल्ब सैल असेल.

अपा: बल्ब नाही! तो साधा दिवा नाही. त्याला बटणच नाही. सामात म्हणायचा, अपा, या दिव्याला अंधार कळतो. अंधार पडला की आपण लागतो, उजाडायच्या आत आपण विझतो. चार हिवाळे लागला तो, एक दिवस चुकला नाही. आणि सामात गेला त्या संध्याकाळी अंधार पडला आणि तो लागला नाही. मला कळलं. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, बरं बाळा, नेलास तर ने. तुला तिथे जास्त अंधार असेल.

बेरिक: अपा, अगं... ही बघ ना वायर. ही तुझ्याच खोलीत जाते. हा प्लग मी आत्ता...

रायखान: साहेब, थांबा.

बेरिक: का? सांगायला नको?

रायखान: मी सांगते. अपा, बसा इथे.

अपा: बसले.

रायखान: दिव्याला अंधार कळत नाही. या घड्याळाला कळतो. माशांचा दिवा आणि तुमचा दिवा एकाच घड्याळावर आहेत. तुमच्या खोलीतलं सॉकेट कपाटामागे आहे, जळकं आहे, म्हणून त्यांनी वायर इथून नेली असेल. मला माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. दिवा गेला नव्हता, अपा. मी प्लग काढला होता. समोवारसाठी.

अपा: तू.

रायखान: मी.

अपा: आणि इतके दिवस तो तसाच.

रायखान: तसाच. माझ्या डोळ्यांसमोर पडला होता. मी रोज इथे उभी राहून माशांना खायला घालते. दिसत नव्हतं. काहीच दिसत नाही मला, अपा. तुम्ही अंधारात बसता हे दिसायचं, पण मला वाटलं, माझं तोंड बघायचं नाही म्हणून.

अपा: मला वाटलं, तू कंटाळलीस मला. मी दार लोटायचे, तू कधी उघडून बघितलं नाहीस.

रायखान: नाही बघितलं.

अपा: समोवारसाठी.

रायखान: हो.

अपा: बातिमाच म्हणत होती, चहा कुठे आहे, चहा कुठे आहे. मी ऐकलं होतं ते. म्हणजे त्याने काही नेलं नाही.

रायखान: नाही, अपा.

अपा: खोटारडा. अंधार कळतो म्हणे. मी सगळ्या इमारतीत सांगत फिरले. खालच्या मजल्यावरची ती रशियन बाई, तिनेसुद्धा विचारलं, असला दिवा कुठे मिळतो? मला सरळ का नाही सांगितलं त्याने?

रायखान: तुम्ही दिवे बंद करत फिरायच्या. वीज वाचवायला. मग रात्री उठून अंधारात पडलात ना, न्हाणीच्या दारात. मनगट मोडलं. बटण असलेला दिवा तुम्ही बंदच केला असता.

अपा: केला असता.

बेरिक: मग झालं ना. कोडं सुटलं. चांगलंच झालं. आता फक्त एवढंच, ही पाचवी पट्टीत घालायची नाही ना? अपा रविवारी येतेच आहे माझ्याकडे. तो दिवा घेऊ बरोबर, तिकडे लावून देईन. ही वायर काढून टाकतो इथून. उगाच गर्दी.

अपा: काढ. तिला काय उपयोग त्या खोलीत वायरीचा?

बेरिक: पक्कड द्या, वहिनी. खिळे बारीक आहेत.

अपा: दे त्याला पक्कड.

बेरिक: वहिनी?

रायखान: लांब वायर आणतो, मग हलवू.

बेरिक: काय?

रायखान: पलंग. असंच म्हणाले होते ना ते, अपा? लांब वायर आणतो, मग पलंग हलवू.

अपा: हो. पानगळीपासून तेच.

रायखान: ही वायर खिडकीपर्यंतच पुरते. पलंग रेडिएटरकडे नेला तर दिवा उशाशी येत नाही. तो आळस नव्हता. साहेब, मघाची ती गुंडाळी कुठे आहे? न फोडलेली?

बेरिक: ही काय.

अपा: हीच का ती?

रायखान: हीच असणार. दुसऱ्या कशाला सहा मीटर लागणार?

अपा: आणली होती म्हणजे.

रायखान: आणली होती.

अपा: मी म्हटलं आळशी.

रायखान: फोडा, साहेब.

बेरिक: वहिनी, पण रविवारी अपा...

रायखान: जुनी काढा आणि ही घाला. पट्टीतून न्या, बाहेर दिसायला नको. खिळे त्यांनी मारलेत तिथेच मारा. आणि पलंगाकडच्या टोकाला ढिली ठेवा जरा. अपा, रेडिएटरच्या कुठल्या बाजूला हवाय तुम्हाला? भिंतीकडे की दाराकडे?

बेरिक: अहो, सगळ्यांत बसून ठरलंय. बातिमा आत्या काय म्हणेल? लोक मला काय म्हणतील?

अपा: तू जरा गप्प बस. ती मला विचारते आहे.

बेरिक: बसलो.

अपा: मी फार बोलते, रायखान.

रायखान: बोला. मला काही सुचत नाही, तर निदान ऐकू तरी येईल. आणि उद्या बायका आल्या तर मला रडू येणार नाही, अपा. हे आत्ताच सांगते.

अपा: नको रडूस. चपला सरळ कर. बातिमाचं मी बघते. तू जेवलीस का आज?

रायखान: आठवत नाही.

अपा: कणीक झाकून ठेवली आहे, पहिली पोळी तुला तळते. बेरिक, दाराकडच्या बाजूला घे टोक. दार उघडं राहिलं की तिथून मासे दिसतात.

बेरिक: बरं. आणि पलंग? तो आज हलवायचा का?

अपा: आज नको, उद्याची माणसं होऊन जाऊ दे. आणि लाकूड जड आहे, आम्हा दोघींना उचलणार नाही. रविवारी हलवू. एकटा निघायच्या आधी तू आहेसच.